घरात कोण कोण राहतं

"या घरात माणसाचा एक पंचा जागेवर सापडेल तर शपथ." बाथरूमच्या दाराआडून पुटपुट आली. "जो तो नुसता आवरतोय. आवरा, आवरा. मलाही एकदा घडी घालून कपाटात ठेवा."

मी दाराला पाठ टेकून जिन्याच्या वरच्या लँडिंगच्या कार्पेटवर बसले होते. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक फळी. गेले तीन आठवडे यशोधन अंघोळीला गेले की मी इथे येऊन बसते आणि नळाचा आवाज ऐकते. नळ बंद झाला, पाणी गुडगुडत खाली गेलं, की उठते. त्यांना वाटतं मी कपड्यांच्या घड्या घालतेय. म्हणून मांडीवर उशांचे दोन अभ्रे ठेवलेले असतात. रोज तेच दोन.

"अहो, दारामागे टॉवेल लावलाय की."

"टॉवेल पाणी पुसत नाही, अंगभर फिरवतो. माझा लाल काठाचा कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"कालही धुवायलाच होता."

काल धुवायलाच होता हे त्यांच्या लक्षात राहिलं. याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, मला ठरवता येईना.

पंचा कुठे गेला ते मला माहीत होतं. दिवाणखान्याच्या छताच्या ढिगाऱ्याबरोबर तो स्किपमध्ये, दारातल्या कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, गेला होता.

झालं असं. त्या दिवशी मी लंडनमध्येच एजवेअरला मैत्रिणीकडे, शशीकडे, गेले होते, फक्त तीन तासांसाठी. आमच्याकडे राहणाऱ्या ईशिताला सुट्टी होती, ती घरात होती, म्हणून गेले. पण दुपारी एकला तिला हॉस्पिटलातून फोन आला, कोणीतरी आजारी पडलंय, दोन-तीन तास येतेस का? ती मला मेसेज टाकून गेली. मी मेसेज पाहिला नाही, कारण मी शशीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात होते आणि फोन पर्समध्ये होता. ही खिचडी मला जन्मभर पुरणार आहे.

इकडे घरी यशोधनांनी टबात पाणी सोडलं, पंचा काठावर टाकला, आणि काहीतरी आणायला खाली गेले. काय आणायला, ते त्यांनाही सांगता येत नाही. ईशिता चारला परत आली तेव्हा ते बागेत बाथरोब घालून गुलाबाच्या वाळक्या काड्या कापत होते, अगदी मन लावून, आणि दिवाणखान्याचं छत सोफ्यावर होतं. टबाला वरच्या बाजूला एक भोक असतं ना, जास्तीचं पाणी जायला? पंचा घसरून नेमका त्या भोकाला चिकटून बसला होता.

पोरीने सगळं बरोबर केलं. नळ बंद केला, मेन स्विच पाडला, त्यांना आत आणून पायांत मोजे चढवले, आणि फ्रिजवर लावलेल्या इन्शुरन्सच्या नंबरला फोन केला. फक्त पलीकडच्या बाईने "आपण कोण?" असं विचारल्यावर ती खरं बोलली.

"मी इथली लॉजर," ती म्हणाली.

लॉजर म्हणजे घरातली खोली भाड्याने घेऊन राहणारी; आमच्या घरात तो शब्द तोपर्यंत कोणी उच्चारला नव्हता. ईशिता मूळची सांगलीची, फिजिओथेरपिस्ट. सव्वा वर्षापूर्वी ओळखीतून आली. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की आमचा मुलगा समर ब्रिस्टलला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच पडलीये, तेवढीच घराला जाग. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला तिने माझ्या हातात पाकीट ठेवलं. कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, आत पाचशे एक पौंड. वरचा एक पौंड का, तर सांगलीहून आईने फोनवर बजावलं होतं, "भाडं म्हणून हातात टेकवू नकोस, वाईट दिसतं. वर एक ठेव." मलाही ते फार आवडलं. मी ते देवापुढे ठेवलं, तिच्या हातावर साखर ठेवली. तेव्हापासून दर महिन्याला पाकीट येतं आणि साखर जाते. वर एक ठेवला की आहेर होतो. आहेराला कोणी भाडं म्हणतं का?

त्यामुळे इन्शुरन्सच्या रिन्युअलचा फॉर्म आला, आणि त्यात "घरात लॉजर किंवा पैसे देऊन राहणारे पाहुणे आहेत का?" असा चौकोन आला, तेव्हा मी बिनदिक्कत "नाही"वर क्लिक केलं.

बिनदिक्कत म्हटलं खरं. बोट जरा थांबलं होतं. "हो" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. फॉर्मवर नाही, माझ्या डोक्यात. पिनरमध्ये तीन बेडरूमचं घर, नवरा निवृत्त भूलतज्ज्ञ, पेन्शन चालू; यांना लॉजर कशाला लागते? आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी सकाळी शाळेच्या ऑफिसात कामाला जाते. त्या वेळात घरात कोणीतरी डोळस माणूस असावं, एवढ्यासाठी मी ती मुलगी ठेवली होती. तिला हे मी कधी सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यातच तिने आपल्या शिफ्टा माझ्या वेळा बघून लावून घ्यायला सुरुवात केली, बस्स.

आता कंपनीचं पत्र आलं होतं. फोन करणाऱ्या व्यक्तीने स्वतःला लॉजर म्हटलं, तुमच्या पॉलिसीत लॉजर नाही. चौकशी होईपर्यंत क्लेम थांबवला आहे. चौकशीला आज अकराला माणूस येणार होता. लॉस अॅडजस्टर म्हणतात त्याला, नुकसान किती आणि का, ते बघून कंपनीला कळवणारा.

"आई, मी booklet पूर्ण वाचला," समर सकाळी फोनवर म्हणाला. मराठीत बोलताना त्याची गाडी पहिल्या गिअरमध्येच असते. "Deliberately लपवलं असेल तर ते पूर्ण policy cancel करू शकतात. Zero देणार. So simple आहे. तू सांग, ईशिता cousin आहे. Family is fine. ती phone वर panic झाली."

"आणि नळ?"

तो म्हणाला, "नळ पण ईशितानी चालू ठेवला. तिचा चूक झाला. कोणाचा पण होतो."

"तिची चूक झाली."

"हो, तेच. बाबाचा नाव नको घेऊ, आई. नाव घेतला की ते बाबाला questions विचारणार."

"बाबांशी बोलतोस?"

"नंतर. त्यांना सांग इकडे पाऊस आहे."

छतासाठी, तुळयांसाठी, वायरिंगसाठी बिल्डरने जो आकडा सांगितला, तो आमच्याकडे नाही. क्लेम नाकारला तर घर आहे तसं, भोकासकट, विकायचं आणि एखादा फ्लॅट बघायचा. माणसं काय, घरं बदलतात. पण हे घर यशोधनांच्या पायांना पाठ आहे. डोकं अडलं तरी पाय अडत नाहीत. जिन्याची नववी पायरी कुरकुरते म्हणून ते ती गाळून आठवीवरून दहावीवर जातात, अजूनही. अंधारात उजवीकडे तीन पावलं म्हणजे बाथरूम. हे घर गेलं तर ते नव्या घरात रोज सकाळी हरवतील. मी फळीला पाठ लावून कुठे कुठे बसणार?

म्हणून सकाळी नऊ वाजता मी ईशिताला किचनमध्ये गाठलं. किचनमध्ये म्हणजे कॉन्झर्व्हेटरीत. खालची अर्धी वीज बंद असल्यामुळे इंडक्शनची शेगडी, मिक्सर, देव आणि आम्ही, सगळे काचेच्या त्या खोलीत राहतो. बाहेर दिवाणखान्यात ओलावा शोषायची दोन यंत्रं दिवसरात्र घोंघावत असतात.

"ईशिता, बाळा, आज तो माणूस येईल ना..."

"काकू, समरचा मला मेसेज आलाय." ती पोहे भिजवत होती. वर बघितलं नाही. "भाची म्हणायचं. आणि नळ माझ्याकडून राहिला म्हणायचं."

"तुझ्या फिजिओच्या रजिस्ट्रेशनला काही..."

"खोटं सही करून दिलं आणि ते उघडकीला आलं, तर जाऊ शकतं." तिने पोह्यांतलं पाणी पिळलं. "नाही येणार उघडकीला. कोण सांगणार आहे?"

"तू नको म्हण. तू नको म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही."

तेव्हा तिने वर बघितलं. "काकू, तुम्ही हे मला पोहे भिजायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. आता मी कांदा पण चिरलाय."

आम्ही दोघी हसलो. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कांद्याचं आहे असं आम्ही दोघी धरून चाललो. त्या घरात आम्ही तेच करत होतो. जे ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे असं धरून चालत होतो.

नंतर मी देवापुढचं या महिन्याचं पाकीट उचललं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. उचलताना देवाकडे बघितलं नाही.

अॅडजस्टर बरोबर अकराला आला. डेरेक नाव, साठीचा, पोट सुटलेला. न सांगता त्याने दारातच बूट काढले. मला पहिला धक्का तिथेच बसला. खोटं बोलायचं तर समोरचा माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो. याच्या मोज्याला तर अंगठ्यापाशी भोक होतं.

त्याने छत बघितलं, तुळया बघितल्या, वर जाऊन टब बघितला. मग कॉन्झर्व्हेटरीत येऊन टॅबलेट उघडला. यशोधन कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत संत्रं सोलत बसले होते. मी त्यांना वर बसवणार होते; पण पाहुणा आला की ते खाली येतातच, पायांना ते पाठ आहे. त्यांनी डेरेकशी हात मिळवला, "प्रवास कसा झाला?" विचारलं आणि तीन मिनिटांनी पुन्हा विचारलं. डेरेकने दोन्ही वेळा सांगितलं, दुसऱ्या वेळी जरा जास्त खुलवून.

"तर," तो मला म्हणाला, "घरात कोण कोण राहतं?"

"मी. माझे मिस्टर. आणि ही ईशिता, आमची भाची."

"फोनच्या नोंदीत लॉजर लिहिलंय."

"मी फार घाबरले होते," ईशिता म्हणाली. "चुकीचा शब्द निघून गेला."

"राहण्याचे काही पैसे देता?"

"नाही."

मी तांदळाच्या डब्याकडे बघितलं आणि पटकन मान वळवली. डेरेक टाइप करत होता. एकेक अक्षर, एका बोटाने. त्या बोटाचा मला राग यायला लागला.

"नळ कोणाकडून उघडा राहिला?"

"माझ्याकडून," ईशिता म्हणाली. एकदम, धडा म्हणून दाखवावा तसं. "अंघोळीला पाणी सोडलं, तेवढ्यात कामावरून फोन आला. तशीच निघाले."

"होतं असं," डेरेक म्हणाला. "माझ्या मुलीने दोनदा केलंय." आणि मग त्याने टॅबलेट आमच्याकडे वळवला. "एवढंच मला जुळत नाही. टबाला ओव्हरफ्लो आहे, चांगला चालू आहे. तो बुजल्याशिवाय पाणी बाहेर यायचं नाही. फोननंतर कंपनीने पाठवलेल्या प्लंबरने त्या दिवशी काढलेला हा फोटो. हे कापड कसलं आहे?"

फोटो काढलाय हे मला माहीतच नव्हतं. टबाच्या पांढऱ्या भिंतीला चिकटलेलं पातळ कापड. एका बाजूला लाल काठ.

"माझा टॉवेल," ईशिता म्हणाली. पण तिचा आवाज आत गेला.

"टॉवेलसारखा दिसत नाही."

"आमच्याकडे असे पातळ असतात," मी म्हटलं. "भारतातले."

वेताची खुर्ची करकरली. यशोधन संत्र्याची फोड हातात धरून पुढे वाकले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो कित्येक महिन्यांत तसा दिसला नव्हता.

"मीनल! अगं, हा बघ!" ते मराठीत ओरडले. "माझा पंचा! मी काय म्हणत होतो? सापडला!"

डेरेकने माझ्याकडे बघितलं. मी ईशिताकडे. बाहेर यंत्रं घोंघावत होती.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांच्याकडेही असाच एक आहे."

"असाच नाही, हाच आहे," यशोधन आता इंग्रजीत म्हणाले. "लाल काठ. एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग. हा बघा." त्यांनी चष्मा पुसला, टॅबलेट हातात घेतला, आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग ते बोलायचे थांबले. अडतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्यावरची रेघ बघितलेला माणूस. पडदा कसा वाचायचा ते हात विसरले नव्हते. टब. नळ. भोक. पंचा. त्यांनी कोपऱ्यातली तारीख बघितली. मान वर करून दारातून दिवाणखान्याच्या उघड्या तुळयांकडे बघितलं. तीन आठवडे ते त्या तुळयांखालून रोज जात होते, आणि "हे काम कधी संपणार?" असं विचारत होते.

"अहो," मी म्हटलं, "तिने चुकून तुमचा घेतला असेल."

"माझा पंचा या घरात कोणी घेत नाही. तूसुद्धा घेत नाहीस. तुला तो कळकट वाटतो." ते ईशिताकडे वळले. "आणि तू माझी भाची कशी होशील? मला बहीण कुठाय?"

"काका..." ईशिता म्हणाली.

"रजिस्ट्रेशन आहे तुझं," ते तिला हळूच म्हणाले. "असलं काही बोलायचं नसतं."

यशोधनांनी संत्र्याची फोड खाल्ली नाही, ती बशीत परत ठेवली, सालींपासून जरा बाजूला. मला वाटलं आता ते विसरतील. मी मनापासून तेवढंच मागितलं. आणखी दोन मिनिटं जाऊ देत, ते विसरतील, प्रवास कसा झाला विचारतील, ईशिता सही करेल, हा भला माणूस बूट घालून निघून जाईल, आणि घर राहील.

डेरेकने टॅबलेट परत घेतला, पण टाइप केलं नाही. पडद्यावर खाली सहीची मोकळी चौकट दिसत होती. त्याने बोट तिच्यापासून लांब घेतलं.

"सही अजून झालेली नाही," तो म्हणाला, कोणाकडेच न बघता. "सही होईपर्यंत माणूस पुन्हा पहिल्यापासून सांगू शकतो. मुद्दाम लपवलं आणि फॉर्मवर चूक झाली, यात कंपनीच्या दृष्टीने फार फरक असतो. चूक असेल तर निदान काही भाग मिळतो. आणि इथून पुढचं जे सांगाल, ते खरं असलं तर मला कामाला येतं." मग त्याने घसा साफ केला. "मी परत विचारतो. घरात कोण कोण राहतं?"

खरं मला पाठ होतं. ते माझ्या जिभेवर सव्वा वर्ष होतं, पहिल्या पाकिटाबरोबर आलेलं. ईशिता माझ्याकडे बघत होती. मी म्हणेन तसं म्हणायची तिची अजूनही तयारी होती, आणि तेच मला सहन होईना. मी उठले. तांदळाच्या डब्यात हात घातला, पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं. कुंकवाच्या बोटांवर तांदळाचं पीठ बसलं होतं. एवढंच मला जमलं.

उत्तर यशोधनांनी दिलं. ताठ बसून, जुन्या राऊंडच्या आवाजात, ज्या आवाजापुढे ज्युनिअर डॉक्टर खिशातून हात काढायचे.

"मी राहतो," ते म्हणाले. "माझी बायको राहते. ही ईशिता राहते, ती भाडं देते. वर एक पौंड जास्त देते, त्याचं कारण तुम्हाला सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. तिला इथे ठेवलंय, कारण मला घरात एकटं ठेवता येत नाही. त्या दिवशी ती कामावर गेली आणि मी एकटा होतो. नळ उघडल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही, म्हणूनच सांगतो, तो मीच उघडला. लिहा."

डेरेकने लिहिलं नाही. तो ऐकत होता.

मग यशोधन माझ्याकडे वळले, आणि मराठीत आले.

"रोज दाराबाहेर कसल्या घड्या घालत बसतेस, मला कळत नाही होय?" ते म्हणाले. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला, पाकिटाच्या वर. "मला डिमेन्शिया झालाय, मीनल. तू दाराबाहेर बसलीस म्हणून तो आत यायचा थांबणार नाही."